मोठी फाईल डाउनलोडला लावली की एकाच कॉम्प्युटरचं वायफाय तुटतं, काय काय तपासायचं

लक्षणं आधी नीट जुळवून बघा. मेल, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब दिवसभर व्यवस्थित चालतं. पण तीन-चार जीबीची फाईल लावली, विंडोजचा मोठा अपडेट असो, गेम असो नाहीतर क्लासच्या लेक्चर्सचा फोल्डर असो, की पाच-दहा मिनिटांत स्पीड घसरत घसरत शून्यावर येतो, कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह जाऊन तिथे पृथ्वीचा गोळा येतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात आपोआप परत कनेक्ट होतं. कधीकधी चिन्ह जागेवरच राहतं, फुल दांड्या दिसतात आणि तरी एक पान उघडत नाही, वायफाय हाताने बंद-चालू केलं की सुटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच वेळी त्याच घरातल्या मोबाईलला, टीव्हीला काहीही झालेलं नसतं.

हे शेवटचं लक्षण जुळत नसेल, म्हणजे सगळ्यांचंच नेट जात असेल, तर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. राउटरचे सगळे दिवे विझून परत लागत असतील तर राउटरचा पॉवर अॅडॅप्टर कमजोर झालेला असू शकतो. एलओएस लिहिलेला दिवा लाल होत असेल तर फायबरमध्येच गडबड आहे, सरळ ऑपरेटरला फोन करा, फायबरची वायर स्वतः काढून परत लावू नका आणि तिच्या तोंडात डोळा घालून बघू तर अजिबात नका, आत लेसर असतो.

बाकीच्यांसाठी पुढे लिहितोय. गेल्या काही वर्षांत नातेवाईकांकडे, आमच्या सोसायटीत आणि ऑफिसात हा एकच प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता क्रम ठरून गेलाय. फुकटच्या गोष्टी आधी, पैसे लागणाऱ्या नंतर, स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी नवीन राउटर आणतात आणि प्रॉब्लेम तिथल्या तिथे राहतो, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण दोन-तीन हजार रुपये असे कोणाचेच वर आलेले नसतात.

डाउनलोडच्याच वेळी का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. यूट्यूब बघताना लॅपटॉप थोडा थोडा डेटा खेचून ठेवतो आणि मध्ये थांबतो, एखाद-दोन सेकंद सिग्नल गेला तरी आपल्याला कळत पण नाही. मोठ्या डाउनलोडमध्ये वायफाय कार्डाला, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या वायफाय पकडणाऱ्या भागाला, उसंतच नसते. ५ जीबीची फाईल ४० एमबीपीएसच्या लाईनवर साधारण १७ मिनिटं घेते, तेवढा वेळ कार्ड सलग राबतं, तापतं, आणि जो काही दोष आधीपासून आहे तो तेव्हा उघडा पडतो. म्हणजे दोष डाउनलोडमध्ये नसतो, आणि स्पीड कमी असण्याशी पण त्याचा सहसा संबंध नसतो.

आता पहिली तपासणी, आणि ही केल्याशिवाय पुढची एकही करू नका. नेमकं काय तुटतंय ते बघायचं, लॅपटॉप ते राउटर हा टप्पा की राउटर ते बाहेर. कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाईप करा, डीफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येईल तो तुमचा राउटर, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग पिंग, स्पेस, तो आकडा, स्पेस, डॅश टी असं टाईप करून एंटर मारा, ती खिडकी तशीच चालू ठेवा. दुसरी खिडकी उघडून तेच पण पत्ता ८.८.८.८ टाका, तो गूगलचा सर्व्हर आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि मोठं डाउनलोड सुरू करून बसा.

तुटेल तेव्हा दोन्ही खिडक्यांकडे बघा. राउटरची खिडकी चालू आणि फक्त ८.८.८.८ ची बंद, तर वायफाय ठीक आहे, भानगड राउटरच्या पलीकडे नाहीतर व्हीपीएनसारख्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर वायफायच अडलंय. आणि 'जनरल फेल्युअर' आलं तर कार्डाने कनेक्शनच सोडून दिलंय, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मामला. वेळ पण लिहून ठेवा. दर वेळी बरोब्बर तासाने तुटत असेल तर हा खूप मोलाचा धागा आहे, कारण बऱ्याच राउटरमध्ये ग्रुप की, म्हणजे वायफायवरच्या सगळ्यांना मिळून दिलेली गुप्त किल्ली, बदलायची वेळ ३६०० सेकंद ठेवलेली असते आणि काही जुन्या ड्रायव्हरांना, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती बदललेली किल्ली नीट घेता येत नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलला की थांबतं.

आणखी एक, पुढे जे कराल ते एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच फाईल परत लावून बघायची. पाच सेटिंग एकदम बदलल्या आणि प्रॉब्लेम गेला तर कशाने गेला ते कळत नाही, आणि दोन महिन्यांनी अपडेटमध्ये त्यातली एखादी सेटिंग परत फिरली की तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

दुसरी तपासणी म्हणजे रीस्टार्ट, पण खरा रीस्टार्ट. "मी रोज बंद करते की" असं मला प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, आणि तो बहुतेक ठिकाणी चालूच असतो, तर शट डाउन केल्यावर विंडोज ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट केलं तर सगळं नव्याने लोड होतं. म्हणून मेनूतून रीस्टार्टच निवडा.

त्यानंतर जागा. राउटर आणि लॅपटॉपच्या मध्ये लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आहे का बघा, लॅपटॉप उचलून राउटरच्या खोलीत न्या आणि तिथे तीच फाईल लावा. तिथे एकदाही तुटलं नाही तर सिग्नलचाच प्रश्न आहे. तिथेही तुटलं तर जागेचा विषय संपला, पुढे चला.

पुढची तपासणी लोकांना माहीतच नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागच्या वर्षी सांगलीला ताईकडे गेलो होतो, भाची बारावीला, क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चर्स रोज रात्री डाउनलोड करायची. "मामा, बाबांच्या मोबाईलवर चालतं, फक्त माझ्या लॅपटॉपवरच जातं, आणि ते पण फाईल लावली की मगच." राउटर बदलून झाला होता, ऑपरेटरचा माणूस दोनदा येऊन गेला होता, तिने रीस्टार्ट, ड्रायव्हर सगळं केलं होतं. मी पिंग लावून शेजारी बसलो. डाउनलोड नसताना राउटरचं उत्तर दोन-तीन मिलिसेकंदात येत होतं. तिने लेक्चरचा फोल्डर लावला, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला लावलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा छोटा निळा दिवा लुकलुकायला लागला, आणि त्याच वेळी पिंग ४०, ११०, ३००, मग सलग चार वेळा टाइम्ड आउट. लॅपटॉपची २५६ जीबीची डिस्क भरली म्हणून ती सगळं थेट एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवत होती. म्हणजे डाउनलोड चालू असतानाच ती डिस्क काम करायची, एरवी नाही. डिस्क काढली, तीच फाईल डेस्कटॉपवर उतरवली, एकदाही तुटलं नाही. डिस्क परत लावली, तीन मिनिटांत तुटलं.

कारण असं की यूएसबी ३ चा डेटा सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्यातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, जिथे वायफायचा जुना बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, पण आहे. इंटेलने २०१२ सालीच यावर एक तांत्रिक टिपण काढलेलं आहे, म्हणजे हा कुठल्या एका डिस्कचा किंवा लॅपटॉपचा दोष नाही. हलकी केबल आणि अँटेनाच्या जवळचा पोर्ट असला की त्रास वाढतो. उपाय फुकट आहे. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावा, यूएसबी ३ चा पोर्ट बहुतेक वेळा आतून निळा असतो आणि २ चा काळा किंवा पांढरा. स्पीड कमी होईल म्हणून घाबरू नका, यूएसबी २ सुद्धा सेकंदाला तीसेक एमबी लिहितो आणि १०० एमबीपीएसच्या लाईनवरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येतं. दुसरा मार्ग म्हणजे आधी लॅपटॉपवर उतरवून मग डिस्कवर कॉपी करायचं, आणि तिसरा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या, नव्या बँडवर न्यायचा. भाचीच्या लॅपटॉपला दोनच पोर्ट आणि दोन्ही निळे, म्हणून तिला ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, मधल्या दारामुळे सिग्नल एक दांडी कमी झाला पण तुटणं बंद झालं ते आजपर्यंत. डेस्कटॉप कॉम्प्युटरला मागे वायफायचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय कार्ड, आणि त्याला चिकटून पेन ड्राइव्ह असेल तर तेच होतं, तिथे डोंगल मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन केबलने लांब आणि उंच ठेवा, कॅबिनेटच्या लोखंडाआडून पण तो बाहेर येतो.

यातून सुटलं नाही तर कार्ड वगळून बघायचं. लॅन केबल घरात असेल तर लॅपटॉप थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा, तीच फाईल लावा. केबलवर पण तुटलं तर इतका वेळ वायफायला उगाच दोष देत होतो, बघा व्हीपीएन, अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग आणि डाउनलोड मॅनेजर. डाउनलोड मॅनेजर एका फाईलसाठी १६ किंवा ३२ कनेक्शन उघडत असेल तर ती ४ वर आणा, टॉरंट असेल तर त्याची कनेक्शनं पण कमी करा, काही साधे राउटर एवढी कनेक्शनं सांभाळताना धापा टाकतात. लॅपटॉपला लॅनचा पोर्टच नसेल, हल्ली पुष्कळांना नसतो, तर अँड्रॉइड मोबाईल घरच्या वायफायला जोडा, यूएसबी केबलने लॅपटॉपला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बऱ्याच फोनमध्ये असं केलं की मोबाईल आपलं वायफायच लॅपटॉपला देतो, पण खात्रीसाठी मोबाईल डेटा आधी बंद करून ठेवा. आता वायफाय मोबाईलचं, कॉम्प्युटर तोच, जागा तीच. या जोडणीवर फाईल पूर्ण उतरली तर दोष तुमच्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. आणि परीक्षेचा फॉर्म किंवा ऑफिसचं काम अडलं असेल तर तात्पुरतं काम पण याच्यावर भागतं.

इथपर्यंत एक रुपया गेलेला नाही. आता सेटिंग.

डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडॅप्टर्समध्ये वायफायचं कार्ड शोधा, त्यावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' यावरची टिक काढा. लॅपटॉप बॅटरीवर असताना जास्त तुटतं आणि चार्जर लावला की कमी, असं असेल तर बहुतेक हेच. मोठ्या डाउनलोडला आपण लावून उठून जातो, स्क्रीन बंद होते, विंडोजला वाटतं कोणी नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅबच दिसत नाही, तिथे पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपची वेळ वाढवा आणि वायरलेस अॅडॅप्टरचं पॉवर सेव्हिंग मॅक्झिमम परफॉर्मन्सवर ठेवा.

त्याच डबल क्लिकच्या खिडकीत अॅडव्हान्स्ड टॅब आहे. तिथे रोमिंग अॅग्रेसिव्हनेस असेल आणि घरात सिग्नल लांब पोचवणारा रिपीटर किंवा मेश लावलेला असेल तर ती सर्वात कमीवर आणा, नाहीतर लॅपटॉप डाउनलोडच्या मध्येच हॉलच्या राउटरवरून बेडरूमच्या रिपीटरवर उडी मारतो आणि कनेक्शन तुटतं. प्रिफर्ड बँड दिसत असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. याहून चांगलं म्हणजे राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपवर एकच सेव्ह ठेवा. इथल्या बाकी सेटिंगना हात लावू नका, आणि जी बदलाल तिचा आधीचा फोटो मोबाईलने काढून ठेवा.

मग ड्रायव्हर. ड्रायव्हर नवाच असला पाहिजे असं नाही, मी जेवढे नवे टाकून सुटलेले पाहिले तेवढेच जुन्यावर परत नेऊन सुटलेले पाहिले. प्रॉब्लेम एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ड्रायव्हर टॅबमध्ये रोल बॅक ड्रायव्हर दाबा. तसं नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाली फुकट सॉफ्टवेअरं कृपा करून टाकू नका, त्यातून आलेला कचरा काढायला मला वायफाय दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ गेलेला आहे. तरीही सुटलं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द मध्ये स्पेस देऊन इंग्रजीत टाईप करा. मागच्या तीन दिवसांचा रिपोर्ट तयार होतो, कुठे सेव्ह झाला ते खालीच दिसतं, त्यात प्रत्येक वेळी वायफाय का सुटलं त्याचं कारण असतं. तुमच्या लिहून ठेवलेल्या वेळांशी ते ताडून बघा.

राउटरचं चॅनेल मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतलंय, कारण त्याने घरातल्या सगळ्यांना फरक पडतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे चॅनेल आहेत, त्यातला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर एक खोच आहे. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून वापरायचे असतात, राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला तो चॅनेल लगेच सोडावा लागतो. मोबाईल आणि टीव्ही २.४ वर आणि एकटा लॅपटॉप ५ वर असेल तर तुटतं अख्ख्या ५ गिगाहर्ट्झ बँडचं पण दिसतं फक्त लॅपटॉपचं. म्हणून ५ गिगाहर्ट्झला ३६, ४०, ४४ किंवा ४८ पैकी एक पक्का ठेवा, ऑटो नको.

फुकटातला शेवटचा उपाय नेटवर्क रीसेट. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगखाली सापडेल. यात सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएन जातात, आधी लिहून घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हे तुम्ही करू नका, आयटीवाल्यांना सांगा.

एवढं करून तुटत असेल आणि मोबाईलच्या टेदरिंगवर मात्र तुटत नसेल तर आता खर्च. पाचशे-हजारात यूएसबीचा ड्युअल बँड डोंगल येतो, तो लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून आतलं कार्ड डिसेबल करा. कोणाकडून दोन दिवस मागून आणता आला तर आधी तसं करा. डोंगलवर फाईल उतरली तर आतलं कार्ड गेलं हे जवळजवळ नक्की, आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात, डोंगल कायमचा लावून ठेवतात. त्यात काही चूक नाही.

इथे मात्र थांबा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड मध्येच गायब होत असेल, स्क्रीन पुढे-मागे केली की सिग्नल कमी-जास्त होत असेल, की-बोर्डजवळचा भाग हात ठेवता येणार नाही इतका तापत असेल, तर घरगुती उपाय संपले. बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या कडेला असते, तिच्या दोन बारीक वायरी, बहुतेक एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली येऊन कार्डाला टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. लॅपटॉप नुकताच कशासाठी तरी उघडून आणला असेल, बॅटरी बदलली, रॅम टाकली, आणि त्यानंतर हे सुरू झालं असेल तर तिथलीच एखादी वायर नीट बसलेली नसते. सवय असलेल्याला पाच मिनिटांचं काम आहे, सवय नसलेल्याच्या हातून ते टोक तुटतं आणि मग अँटेनाची वायर नाहीतर कार्डच बदलावं लागतं. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसत असेल, खालचं झाकण फुगलं असेल तर बॅटरी फुगलीय, चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबू नका, वायफायचं नंतर बघू, तो आजच दुकानात गेला पाहिजे.

दुकानात जाताना एका कागदावर लिहून न्या: केबलवर तुटतं की नाही, टेदरिंगवर तुटतं की नाही, डोंगलवर काय झालं, कोणता ड्रायव्हर टाकून पाहिला. 'नेट जातंय' एवढंच सांगितलं तर समोरचा विंडोज फॉरमॅट करून देतो, आठशे-हजार घेतो, आणि फोटो-फायलींचा बॅकअप नसेल तर त्या पण जातात. हा कागद समोर ठेवला तर तो थेट कार्ड आणि अँटेना तपासतो. आणि लॅपटॉप हातात घ्यायच्या आधी दुकानातच त्यांच्या वायफायवर एक मोठी फाईल लावून, पंधरा मिनिटं थांबून बघा.